‘ड’ तुकडीचा परवाना



आत्ता माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली. एक गोष्ट राहिली: मी ‘ड’ तुकडीतली. अ तुकडी हुशारांची, ड उरलेल्यांची, आठवतं ना? कॉलेजात कोणी तुकडी विचारली की मी ‘ब’ सांगायचे. आज पहिल्यांदा खरं सांगतेय.

कारण गेल्या वर्षी मला दुसरी ड तुकडी भेटली. मी हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा परवाना घेतला. स्वतःच्या सेटवरून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलण्याची ही सरकारी परवानगी. १९७८च्या नियमांखाली तिच्याही चार श्रेण्या होत्या. सर्वांत वर अ‍ॅडव्हान्स्ड, ४०० वॅटपर्यंत. मग ग्रेड वन, १५० वॅट. ग्रेड टू, ५० वॅट. या तिघींना मोर्स, म्हणजे तारेची कट्ट-कडकट्ट, यायलाच हवी. ग्रेड टूला मिनिटाला ५ शब्द, वरच्या दोघींना १२. ग्रेड टूवाल्याला लघुलहरींवर तोंडाने बोलायचं तर आधी मोर्सवर १०० संपर्क केल्याचा पुरावा लागे. चौथी श्रेणी रिस्ट्रिक्टेड. मोर्स नाही, पण १० वॅट आणि दोनच पट्टे.

२००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. आपल्याकडे २००९च्या दुरुस्तीने दोनच श्रेण्या ठेवल्या. जनरल, तिला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स. आणि रिस्ट्रिक्टेड, मोर्सशिवाय. बारा वर्षांचं पोरही परीक्षेला बसू शकतं. माझी रिस्ट्रिक्टेड. निशाणी ‘व्हीयू३’ने सुरू होते, जनरलवाल्यांची ‘व्हीयू२’ने. म्हणजे तोंड उघडलं की तुकडी कळते!

जानेवारीत सेट घेऊन कळसूबाईवर गेले. आपल्या अकोले तालुक्यातलं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. हातातल्या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून तिथे वॅटपेक्षा उंची कामाला येते. ५ वॅटवर पुकारा केला. धाकधूक होतीच. नाशिकहून एका आजोबांचं उत्तर आलं, निशाणी व्हीयू२ची. “बोला ताई, आवाज स्वच्छ येतोय.” नाव विचारलं, गाव विचारलं. श्रेणीबद्दल अक्षर नाही.

उतरताना गणिताच्या बाईंची आठवण आली. शाळा सुटल्यावर त्या ड तुकडीसाठी तासभर थांबायच्या. आमचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू यायचा. त्या तासामुळे मी इंजिनिअरिंगपर्यंत पोचले, आणि इतकी वर्षं तीच तुकडी लपवत राहिले.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. मी मोर्स शिकतेय, जनरलची परीक्षा द्यायची आहे. जमेल, न जमेल. पण यापुढे कोणी विचारलं तर तुकडी खरी सांगेन.