तहान लागायच्या आधी

आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'स्वतःची काळजी आणि आरोग्याच्या सवयी'. विषय मोठा आहे. आहार, व्यायाम, झोप, मन, सगळंच त्यात येतं. मी मात्र त्यातली एकच सवय घेऊन आले आहे, पाणी पिण्याची. तीसुद्धा ज्या घरात सिकलसेलचं लेकरू आहे, त्या घरासाठी. माझी सगळी नोकरी परिचारिकेची झाली, त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. राहायला मी जरीपटक्यात. आमच्याकडे, इंदोऱ्याकडे, कामठी रोडच्या वस्त्यांमध्ये अशी घरं शोधत फिरावं लागत नाही.

जरीपटका म्हटलं की लोकांना बाजार आठवतो, फाळणीनंतर इथे येऊन वसलेली सिंधी मंडळी आठवतात, सकाळचं दाल-पकवान आठवतं. आम्हा दवाखान्यातल्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवते. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आणि शेजारच्या वस्त्यांत सिकलसेलचे. दोन्ही आजार रक्ताचे, दोन्ही आईवडिलांकडून येणारे, आणि दोन्ही एका हाकेच्या अंतरावर. डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया आणि सिकलसेल सेंटर जरीपटक्यातच आहे. सिकलसेलच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, तेही आपल्या नागपूरचेच. त्यामुळे एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे मी इथे शिकवत बसत नाही. आपल्याकडच्या आजीलाही नातवाचा पॅटर्न पाठ असतो.

पाठ नसतं ते पाणी. म्हणून मी आज तेच बोलणार आहे, आणि पुन्हा पुन्हा बोलणार आहे. ऐकून कंटाळा आला तरी रेडिओ बंद करू नका.

सिकल म्हणजे विळा. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशींची नोंद प्रसिद्ध केली. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. साधी लाल पेशी गोल आणि लवचिक असते, बारीकशा रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते, आणि सुमारे १२० दिवस जगते. एसएसच्या पेशीने प्राणवायू दिला की तिच्यातलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी ताठ होते, वाकडी होते, आणि दहा-वीस दिवसांतच मोडते. आता माझा मुद्दा. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं. आणि जितकं दाट, तितकं ते लवकर चिकटतं.

हे समजायला आपला कूलर डोळ्यांसमोर आणा. नागपुरात कूलर माहीत नाही असं घर नाही. खाली टाकी, टाकीत पंप. पंप पाणी वर चढवतो, वरच्या नळीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी ताट्यांवर झिरपतं. आपलं पाणी खाराचं. दोन महिन्यांत त्यातली काही छिद्रं बुजतात. मग काय होतं? जिथलं छिद्र बुजलं, तिथला ताटीचा तेवढाच पट्टा कोरडा राहतो. बाकीची ताटी ओली, पंखा फिरतोय, पंप चालतोय, आणि तो एक पट्टा वाळून कडक झालेला. सिकलसेलचं दुखणं तसंच असतं. वाकड्या पेशी एखाद्या बारीक रक्तवाहिनीत अडकतात आणि तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग कधी मांडी असतो, कधी कंबर, कधी छाती. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. मोठ्या मुलांचं मात्र बाहेरून काही दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, 'नाटक करते.' बाबांनो, ते नाटक नाही. त्या पट्ट्यात रक्त पोचत नाही.

कूलरची टाकी आपण कधी भरतो? पाणी पूर्ण संपल्यावर भरत नाही. कोरडा पंप चालला तर जळतो, म्हणून अर्धी झाली की पाइप लावतो. घरातलं शेंबडं पोरही 'टाकी पाहा' म्हणून सांगितलं की पळत जाऊन बघून येतं. मग त्याच पोराच्या शरीरातली टाकी भरायला तहान लागेपर्यंत का थांबायचं? तहान लागली याचा अर्थ टाकी आधीच खाली गेलेली आहे.

आणि या मुलांच्या टाकीला बुडाशी एक भोक आहे. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं, म्हणून सावकाश सांगते. तुमचं-माझं शरीर पाणी कमी पडलं की लघवी दाट करतं, पिवळी करतं आणि पाणी वाचवतं. सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडाला हे नीट जमत नाही. लहानपणापासूनच जमत नाही. अंगात पाणी कमी असलं तरी लघवी होत राहते, पातळ आणि वारंवार. म्हणून ही मुलं वर्गात सारखी बोट वर करतात. म्हणून यातली कितीतरी मुलं मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. तो त्यांचा आळस नाही आणि वाईट सवयही नाही.

वॉर्डात एक मुलगी यायची, असेल दहा-अकरा वर्षांची. शाळा उघडली की महिन्याभरात ती दाखल व्हायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ४५ डिग्रीच्या वर पारा, आणि तेव्हा ती बरी असायची. शाळा उघडून पाऊस लागला की दुखणं सुरू. आम्हालाही कोडं पडलं. तिच्या आईने बाटली दाखवली, हिरवी, झाकणाला दोरी बांधलेली. म्हणाली, "सिस्टर, मी रोज भरून देतो, अन् ते भरूनच वापस आणते. शाळेतल्या नळावर भरत असंन." मुलीजवळ बसले, विचारलं, "काहून वं, बाटलीतलं पाणी पेतं का?" ती बोलेना. सलाइन अर्धं झाल्यावर बोलली. पाणी प्यायलं की लघवी लागते. बाई मधल्या सुट्टीपर्यंत सोडत नाहीत. आणि सोडलं तरी तिथलं दार लागत नाही. म्हणून ती सकाळी सातपासून दुपारी साडेबारापर्यंत एक घोटही घेत नव्हती. बाटली भरून जायची, तीच भरलेली परत यायची, आणि आईला वाटायचं पोरगी शहाणी आहे, पाणी भरून आणते.

घरी तरी काय होतं? घरी आई संध्याकाळनंतर तिला पाणी देत नव्हती. "पाणी पाजलं का गादी ओली करते. रोज रोज किती धुवू?" आईचंही खरं होतं. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई. पण हिशोब करा. शाळेत पाणी नाही, संध्याकाळनंतर पाणी नाही, आणि लघवी तर होतच राहणार. तिचं दुखणं बहुतेक वेळा पहाटे सुरू व्हायचं. पहाटेच होणार, दुसरं कधी होणार?

आम्ही काही मोठं केलं नाही. गादीवर मेणकापड घालायला सांगितलं. रात्री बारा-एकच्या सुमाराला एकदा उठवून लघवीला न्यायचं आणि परत झोपताना अर्धा पेला पाणी द्यायचं. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी दिली. मुलगी त्यानंतरही आजारी पडली, तो आजार असा पाण्याने पळून जात नाही. पण दरवर्षी शाळेबरोबर येणारं दुखणं कमी झालं.

शिक्षकांनो, तुमच्यावर मी रागावलेली नाही. साठ मुलांचा वर्ग सांभाळणं सोपं नाही. पण विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि १९ जूनचा जागतिक सिकलसेल दिन त्याआधीच होऊन जातो. शाळा उघडल्यावर त्याची प्रभातफेरी काढाल, घोषणा द्याल. त्याआधी वर्गातलं कोणतं मूल एसएस आहे एवढं पालकांना एकांतात विचारून ठेवा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत. त्या मुलाला बाकावर पाण्याची बाटली ठेवू देणं आणि बोट वर केलं की सोडणं, हा त्याचा हक्क आहे. चार मुलांसमोर कारण विचारू नका. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लावा. कडीला किती पैसे लागतात?

किती पाणी, असं सगळे विचारतात. मोठ्या माणसाला साधारण तीन ते चार लिटर सांगतात. मुलांचं वजनावर ठरतं, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास झालेला असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका. ताक चालतं, लिंबू-पाणी चालतं, कैरीचं पन्हं चालतं. आमच्या गल्लीतल्या सिंधी घरांत उन्हाळ्यात ठादल करतात, तेही चालतं. त्यांची साई भाजी, पालक आणि चण्याच्या डाळीची, सिकलसेलच्या मुलांना चांगली, कारण रक्त सारखं नव्याने तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतं आणि ते पालेभाजीत असतं. गोळी डॉक्टर देतातच, ती रोज घ्यायची. मात्र लोहाचं टॉनिक आपल्या मनाने द्यायचं नाही. थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना वारंवार रक्त चढवतात, त्यांच्या अंगात लोह साचतं, त्यांच्या पथ्याची गोष्ट निराळी... तो विषय स्वतंत्र आहे, त्याला आज वेळ पुरणार नाही.

पाऊस आला की कूलर पुसून माळ्यावर जातो. त्याच्याबरोबर पाणी प्यायची आठवणही जाते. जुलैत घाम दिसत नाही, डिसेंबरात तहान लागत नाही. आणि आपल्या नागपूरची थंडी तर या मुलांना उन्हाळ्याइतकीच वाईट. गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात. थंडीत पाणी कोमट करून द्या, स्वेटर-मोजे आधी घाला, अंघोळीनंतर अंग लगेच कोरडं करा. दुखऱ्या भागावर बर्फ कधीच नाही, शेक द्या. आणि उन्हाळ्यातही घामाने निथळत आलेलं मूल कूलरच्या अगदी तोंडाशी झोपवू नका.

वेळ कमी उरला आहे, भराभर सांगते. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, मूल एकाएकी पांढरं पडलं, पोट डाव्या बाजूला फुगलं, किंवा हातापायातली ताकद गेली, तर पाणी पाजत घरी बसायचं नाही. त्याच क्षणी दवाखाना. मेडिकल आहे, मेयो आहे, डागा आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, आणि त्यासाठी सांगितलेली रक्ताची तपासणी चुकवू नका. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर विचारा. तरुण पोरांनो, खर्रा सोडा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि तुमच्या रक्तवाहिन्यांना ते परवडत नाही. दारूने तर अंगातलं पाणीच जातं.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी जरूर करा, लग्नाआधी तर कराच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळ होण्याची शक्यता चारात एक असते. पण मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, तपासणीचं कार्ड लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली नीट ठेवलेलं असतं आणि लेकराच्या दप्तरात बाटली नसते.

आयांनो, तुमच्याबद्दल बोलायचं राहून जातंय. रात्रभर वॉर्डात स्टुलावर बसता, सकाळी विचारलं तर पोटात चहाशिवाय काही नसतं. लेकराला घोट दिला की एक घोट आपणही घ्या. तुमच्यातल्याही अनेक जणी वाहक असता, अंगात रक्त कमी असतं, आणि कुणी तुमचं... बरं, समोरून खूण झाली आहे.

एवढंच करा. आज झोपण्याआधी लेकराच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा. रात्री एकदा उठवा, बाहेर नेऊन आणा, आणि परत निजताना त्याला दोन घोट पाजा.