रायफलचा चाप : निवड, जोडणी आणि जबाबदारी

(वडगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

वडगाव ही विणकरांची वस्ती. मागावरचा ताणा सैल राहिला तर कापड विरविरीत निघते आणि तो वाजवीपेक्षा जास्त ओढला तर सूत तुटते, हे येथील घराघरांतून लहान मुलांनाही ठाऊक असते. रायफलच्या चापाचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही. चाप फार जड असला तर नेम ढळतो, आणि फार हलका केला तर नको त्या क्षणी गोळी सुटते. या दोहोंमधील योग्य जागा शोधणे म्हणजेच चापाची निवड होय.

या विषयाचे महत्त्व या भागाला विशेष आहे. येथून निपाणीमार्गे कोल्हापूर गाठले की नेमबाजीची एक मोठी परंपरा दृष्टीस पडते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. त्या वेळी त्यांचे वडील शिक्षक आणि आई गावच्या सरपंच होत्या. शिक्षकाच्या घरातील खेडेगावचा मुलगा ऑलिंपिकच्या मंचावर उभा राहतो, हे पाहून गावोगावच्या मुलांना या खेळाची ओढ लागावी यात नवल नाही. मात्र ओढीबरोबर एक गैरसमजही येतो. चांगला चाप विकत घेऊन बसविला की नेम आपोआप साधतो, असे अनेकांना वाटते. हा समज वेळीच दूर होणे आवश्यक आहे.

चापाचे कार्य

रायफलमध्ये ताणून ठेवलेल्या स्प्रिंगला एक पोलादी खिट्टी अडवून धरते. चाप ओढताच ही खिट्टी सरकते, स्प्रिंग मोकळी होते आणि आतील सुई काडतुसावर आदळते. खिट्टीच्या ज्या दोन कडा एकमेकींना अडवून धरतात, त्यांची पकड अत्यंत अरुंद असते. रायफलचा सर्व भरवसा या अरुंद पकडीवर आहे.

नेमावर चापाचा परिणाम किती होतो, हे साध्या हिशेबाने कळते. दस्ता खांद्यावर स्थिर आहे आणि तेथून नळीचे तोंड सुमारे एक मीटर पुढे आहे, असे समजावे. चाप ओढताना ते तोंड अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेले, तरी ५० मीटरवर चूक २५ मिलिमीटरची होते. त्या अंतरावरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. हवाई रायफलच्या १० मीटर प्रकारात तर दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा असतो. बोटाच्या एका झटक्याने साऱ्या मेहनतीवर पाणी पडते ते असे.

निवड कशी करावी

चाप मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकटप्पी चापात बोटाने दाब वाढविताच खिट्टी सुटते. दुटप्पी चापात आधी थोडी सैल हालचाल होते, मग बोटाला स्पष्ट अडसर जाणवतो आणि त्यानंतर अल्प दाबाने गोळी सुटते. शिकाऊ नेमबाजास दुटप्पी चाप हितकारक ठरतो, कारण तो अडसर ‘आता थांबून नेम पाहा’ अशी सूचनाच देतो.

चापाची परीक्षा तीन गोष्टींवरून करावी. प्रत्येक वेळी तो सारख्याच दाबाला सुटतो काय, सुटण्यापूर्वी त्यात खरखर किंवा अडखळ जाणवते काय, आणि सुटल्यावर बोट विनाकारण पुढे धावते काय. हलकेपणाचा विचार या तिन्हींनंतर करावा. जो चाप कधी ८०० ग्रॅमला आणि कधी ११०० ग्रॅमला सुटतो, त्यापेक्षा नेहमी १००० ग्रॅमलाच सुटणारा चाप केव्हाही श्रेष्ठ होय.

स्पर्धेचे नियमही पाहिले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर हवाई पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, तर २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. पंच शस्त्र उभे धरून चापाला प्रत्यक्ष वजन टांगतात आणि ते उचलले जाते की नाही हे पाहतात. वाण्याच्या दुकानातील अर्धा किलोचे वजन ज्याने पाहिले आहे, त्यास ही परीक्षा समजावून सांगावी लागणार नाही.

स्पर्धेच्या रायफलींना कारखान्यातूनच जुळवून घेता येण्याजोगा चाप बसविलेला असतो. त्यामुळे नवा चाप घेण्याआधी असलेलाच चाप माहीतगाराकडून नीट जुळवून घ्यावा. पुष्कळदा खर्च तेथेच टळतो.

पिकांच्या राखणीसाठी परवान्याने बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी येथे वेगळा विचार करावा. रानडुकरांच्या उपद्रवामुळे रात्री शेतात जावे लागते. अंधार, चिखल, थंडीने बधिर झालेली बोटे आणि जवळपास वावरणारी घरची माणसे अशा स्थितीत हलका चाप हा शत्रूच ठरतो. अशा बंदुकीचा मूळचा जड चाप तसाच राहू द्यावा.

जोडणी आणि कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवान्याशिवाय शस्त्रांची निर्मिती, रूपांतर किंवा दुरुस्ती करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा भंग करणाऱ्यास किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून चाप बदलण्याचे काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तकाकडूनच करून घ्यावे.

यामागील कारण केवळ कायद्याचे नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या कारखान्यांत लेथवर अत्यंत बारीक काम करणारे कुशल कारागीर आहेत. खिट्टीची कड थोडी घासून चाप हलका करणे त्यांच्या हाताला सहज जमेल. परंतु पुष्कळ खिट्ट्यांचे पोलाद केवळ वरच्या पातळ थरापुरते कठीण केलेले असते. तो थर घासला गेला की आतील मऊ धातू उघडा पडतो. काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो. मग कड झिजते, पकड सुटते आणि एके दिवशी नुसता दस्ता जमिनीवर टेकताच गोळी उडते. घासलेली कड पुन्हा भरून येत नाही, आणि सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.

तयार चापही डोळे मिटून स्वीकारू नये. अमेरिकेतील रेमिंग्टन या नामांकित कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये, २००६ पासून तयार केलेल्या आपल्या एका प्रकारच्या चापाच्या रायफली तपासणीसाठी परत मागविल्या. जुळणीच्या वेळी चिकटद्रव्य प्रमाणाबाहेर लागल्याने काही विशिष्ट परिस्थितीत गोळी आपोआप सुटण्याचा धोका आढळला होता. एवढ्या मोठ्या कारखान्यात जे घडू शकते, ते घराच्या ओसरीवर घडणार नाही असे कोणी म्हणावे?

काम पूर्ण झाल्यावर मालकाने दुरुस्तकासमोरच काही चाचण्या करून घ्याव्यात. रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी, आणि काडतुसे त्या खोलीतही नसावीत. नंतर बोल्ट अनेकदा जोराने बंद करावा. सुरक्षा-खटका लावून चाप ओढावा, सोडावा आणि मग खटका काढावा. दस्त्यावर रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोकावे. यांपैकी कोणत्याही वेळी सुई सुटल्याचा आवाज आला, तर ती रायफल वापरण्यायोग्य नाही असे समजावे. मग त्या चापाची किंमत कितीही असो.

शिक्षकांचे काम

नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत शिक्षकांवर मोठी जबाबदारी आहे. मुलाने नव्या चापाचा हट्ट धरल्यास आधी त्याच्या अंगाला दस्ता बसतो काय, उभे राहण्याची ठेवण बरोबर आहे काय, हे प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावे. मग त्यास कोरा सराव करू द्यावा. रिकाम्या रायफलने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, नेम धरून चाप ओढायचा आणि तो सुटताना नळी हलली की नाही ते पाहायचे. यास काडतूस लागत नाही. बोटाला दाब हळूहळू वाढविण्याची सवय याच सरावाने लागते, आणि ती सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मागावर बसणाऱ्या मुलाच्या हाती घरातील वडीलधारे लगेच उंची रेशीम देत नाहीत. आधी साध्या सुतावर त्याचा हात बसू देतात, आणि ताण हाताला कळू लागला की मगच रेशीम देतात. रायफलच्या बाबतीतही हाच क्रम पाळला, तर नव्या चापाचा पैसा सत्कारणी लागेल आणि नेमबाजाच्या घरी रायफल भयाचे कारण होणार नाही.