जादूगाराची उजळणी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या रस्त्यांवरून एक घड्याळजी आपल्या मुलाला बरोबर घेऊन झपझप चालत जाई. खेळण्यांच्या दुकानापुढून जातांना दोघेही दर्शनी कांचेकडे एकवार निरखून पाहत, न थांबतां पुढें जात, आणि चार पावलांवर कागद-पेन्सिल काढून दिसलेल्या वस्तूंची यादी लिहूं लागत. मग मागें फिरून यादी ताडून पाहावयाची. बापाला तीस वस्तूंपर्यंत पोंचतां पोंचतां नाकीं नऊ येत. मुलगा मात्र पुष्कळदां चाळिशी गांठी. त्या बापाचें नांव झां एझेन रॉबेर-उदँ. आधुनिक जादूविद्येचा जनक म्हणून पुढें त्याची कीर्ति झाली, आणि हें सारें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच लिहून ठेविलें आहे.

दुकानाच्या कांचेपूर्वीं डॉमिनोच्या ठिपकेदार सोंगट्या होत्या. प्रथम एक सोंगटी क्षणभर पाहावयाची आणि ठिपके न मोजतां त्यांची बेरीज सांगावयाची. मग दोन, मग तीन. असें करीत करीत ही जोडी बारा सोंगट्यांपर्यंत गेली. इतकी तयारी झाल्यावर 1846 साली मुलगा एमिल डोळ्यांना पट्टी बांधून रंगमंचावर बसला. बाप प्रेक्षकांत फिरून कोणाची अंगठी, कोणाची तपकिरीची डबी हातीं घेई आणि मुलगा न पाहतां तिचें वर्णन करी. या प्रयोगाला नांव दिलें होतें दिव्यदृष्टीचें, आणि सारें पॅरिस तें पाहावयास लोटलें.

खरा प्रकार असा होता कीं बापाच्या प्रश्नांतील शब्दांतच उत्तर दडलेलें असे. प्रश्नाची सुरुवात एका शब्दानें झाली तर वस्तु सोन्याची, दुसऱ्यानें झाली तर चांदीची, अशा प्रकारचे संकेत या विद्येंत ठरलेले असतात. परंतु असे शेंकडों संकेत दोघांच्याही जिभेवर नाचले पाहिजेत, आणि तेही क्षणाचा विलंब न लागतां. म्हणजे फसवणूक झाली ती दिव्यदृष्टीपुरती. स्मरण खोटें नव्हतें. चमत्कार म्हणून जें दाखविलें तें नव्हतेंच, आणि जें खरोखर अद्भुत होतें तें मात्र कोणाला दिसलें नाहीं.

स्मरणाचे खेळ करणाऱ्यांचे म्हणूनच दोन पंथ आहेत. एक स्मरणशक्ति दाखवितो, दुसरा ती लपवितो. पहिल्याची साधनें फार जुनीं आहेत. अंक लक्षांत राहत नाहींत, वस्तु राहतात. तेव्हां अंकाची वस्तु करावयाची, हें त्यांतलें मुख्य सूत्र. आपल्याकडील कटपयादि पद्धतींत क, ट, प, य या चारी अक्षरांचा अंक एक. ख, ठ, फ, र यांचा दोन. आणि याच क्रमानें पुढें. स्वरांना किंमत नाहीं, आणि अंक उजवीकडून वाचावयाचे. महाभारताचें जुनें नांव ‘जय’. ज म्हणजे आठ, य म्हणजे एक, उलट वाचून 18, आणि पर्वेंही 18. हा योगायोग कीं योजना, हें पंडितांनीं ठरवावें. कर्नाटक संगीतांत मात्र योजना उघड आहे. शंकराभरण रागाच्या मागें ‘धीर’ हा शब्द केवळ त्याचा 29 हा क्रमांक ध्यानांत राहावा म्हणून जोडलेला आहे.

आतां याच पद्धतीनें 46 म्हणजे ‘तवा’, 28 म्हणजे ‘हार’, 36 म्हणजे ‘चूल’ असे शब्द एकदां पाठ करून ठेवावे. सभेंतील कोणी 46 वा शब्द म्हणून ‘हत्ती’ असें ओरडला, तर खेळ करणाऱ्यानें मनांत एक तापलेला तवा आणावा आणि त्यावर चारी पाय आंखडून उभा असलेला हत्ती पाहावा. चित्र जितकें वेडगळ, तितकें पक्कें. तासाभरानें कोणी 46 वा शब्द विचारला कीं तवा आठवतो, आणि तव्यावरून हत्ती कांहीं केल्या उतरत नाहीं. यांत बुद्धीचें तेज फारसें लागत नाहीं. शंभर वस्तु जिभेवर घोळवीपर्यंत उजळणी लागते, आणि तेवढ्यानेंच बहुतेक हौशी लोक गळतात.

दुसऱ्या पंथाचें उदाहरण पत्त्यांच्या जादूगाराचें. तो 52 पत्त्यांचा एक ठराविक क्रम पाठ करतो. इंग्रज जादूगार लुई निकोला यानें असा क्रम 1927 साली पुस्तकरूपानें दिला होता. पाहणाऱ्याला तो क्रम अस्ताव्यस्तच वाटतो. पत्ते कितीही वेळां काटले तरी क्रमाचें चक्र मोडत नाहीं. कोणी एक पत्ता काढला कीं त्याच्या वरच्या पत्त्यावर ओझरती नजर टाकावयाची, म्हणजे पुढचा पत्ता बदामची राणी कीं इस्पिकचा गुलाम, हें आपोआप कळलें. मग कपाळाला हात लावून मन वाचण्याचें नाटक करावयाचें. येथें ‘मला पाठ आहे’ असें म्हटलें तर खेळ संपला.

हें नाटक निरुपद्रवी आहे काय? विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यूलियस झॅन्सिग आणि त्याची पत्नी ॲग्नेस यांनीं असेच सांकेतिक खेळ लंडनमध्यें केले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांनाही तें खरेंखुरें मनोसंक्रमण वाटलें. डॉईल फसले, यांत त्यांची फारशी हानि झाली नाहीं. हानि होते ती सामान्य प्रेक्षकाची. खेळ पाहून घरीं परततांना तो शेजारीं चालणाऱ्या मुलाला म्हणतो, “ही देवाची देणगी, आपल्याला कोठून असणार?” आणि उद्यांचें पाठांतर त्या मुलाच्या मनांत तेथेंच बुडतें.

देणगीचा भाग किती, हें इ.स. 2017 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तपासलें गेलें. स्मरणस्पर्धांतील 23 अग्रेसर स्पर्धकांच्या मेंदूची रचना सामान्यांहून विशेष निराळी आढळली नाहीं. उलट, साध्या माणसांना ओळखीच्या जागीं वस्तु मांडून स्मरण्याची प्राचीन रीति रोज अर्धा तास, सहा आठवडे शिकविली, तेव्हां 72 शब्दांपैकीं त्यांना पूर्वींपेक्षां सरासरीनें 35 शब्द अधिक आठवूं लागले.

तरीही सारेंच उजळणीच्या पदरांत घालतां येत नाहीं. 1887 साली मुंबईंत धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें श्रीमद् राजचंद्र यांनीं शतावधानाचा प्रयोग केला. एकाच बैठकींत शंभर निरनिराळ्या गोष्टींकडे अवधान ठेवून त्या शेंवटीं जशाच्या तशा सांगावयाच्या, असा हा प्रकार. त्यांचें वय तेव्हां अवघें एकोणीस वर्षांचें होतें. सुवर्णपदक मिळालें, ‘साक्षात् सरस्वती’ म्हणून गौरव झाला; आणि लवकरच त्यांनीं हे जाहीर प्रयोग कायमचे सोडून दिले. आपल्याला ज्या आध्यात्मिक वाटेनें जावयाचें आहे तिच्यावर ही टाळ्यांची धोंड आहे, असें त्यांना वाटलें.

1891 साली विलायतेहून परतलेले तरुण गांधीजी त्यांना मुंबईंतच भेटले. मोठें व्यासपीठ नव्हतें, तिकिटें नव्हतीं. गांधीजींनीं आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा सांठा रिता केला आणि राजचंद्रांनीं ते सारे शब्द त्याच क्रमानें परत म्हणून दाखविले. गांधीजींना हेवा वाटला, पण ते त्या शक्तीनें भारले गेले नाहींत, असें त्यांनींच नमूद केलें आहे. ते भारले गेले तें मागाहून, हिरेमोत्यांचा व्यापार आटोपतांच हा माणूस आपल्या धर्मचिंतनाच्या वहीकडे वळतो, हें पाहून.