परक्या घरात राहून परकी भाषा



आज बोलायचं आहे परदेशी जाऊन, तिथल्या एखाद्या कुटुंबात राहून भाषा शिकणाऱ्या बायकांबद्दल. तुम्ही म्हणाल, पावसच्या आम्हा बायकांना याचं काय? पण आता कुणाची लेक जर्मन शिकते, कुणाची भाची स्पॅनिश. उद्या तिनं घरात विषय काढला, की पहिला प्रश्न आईलाच पडतो, "परक्याच्या घरात राहायचं म्हणजे नेमकं कसं?"

आपल्या जिल्ह्यातली एक बाई याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन गेली आहे. पार्वतीबाई आठवले. जन्म 1870 सालचा, देवरुखचा. लहानपणी लग्न झालं, ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरी एक मुलगा. त्यांची बहीण बाया हिनं 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे पार्वतीबाई शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी मात्र राहून गेलं होतं. ते शिकायला त्या 1918 साली अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीसच्या घरात! गाठीला पैसा नव्हता, म्हणून तिथल्या लोकांच्या घरी घरकाम केलं, त्यातच पोट भरलं आणि भाषाही शिकल्या. 1920 साली परत आल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

त्यांच्या आधी, 1883 साली, आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. ओळख होती ती फक्त पत्रांतली. पण त्या घरानं पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायच्या. 1887 साली आनंदीबाई पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी याच मावशीकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवल्या.

दोघीही परक्या घरात राहिल्या, पण एक पाहुणी होती आणि एक कामाला होती. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण आजही मुलगी जाते ती यातल्याच एका नात्यानं किंवा तिसऱ्या नात्यानं. तिसरं नातं म्हणजे पैसे भरून राहणारी विद्यार्थिनी. स्पेनमध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या अनेक शाळा मुलींची सोय एखाद्या कुटुंबात करून देतात. त्या घरात दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. आपल्या मुलीला साडेसातलाच भूक लागणार! शाळेत व्याकरण शिकवतात, पण खरं बोलणं सुरू होतं ते या जेवणाच्या टेबलावर. मीठ दे, पुरे, अजून वाढ, आज काय केलंस, हे रोज कानावर पडतं आणि रोज बोलावं लागतं. तिथे 'पान' मागितलं तर विडा नाही, पाव मिळतो. आपला 'पाव' हा शब्दही स्पॅनिशच्या बहिणीकडून, पोर्तुगीजमधून आलेला. बटाटा, काजू, अननस, चावी, सगळे तिकडचेच. आपला हापूससुद्धा अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून. म्हणजे भाषा घरात शिरते ती बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारानं. तिथे आपल्या मुली काही कच्च्या नाहीत.

पण त्याच स्वयंपाकघरात मुलीला राबवूनही घेता येतं. म्हणून नियम माहीत हवेत. जर्मनीत 'ओ-पेअर' म्हणून सोय आहे. मुलगी 18 ते 26 वर्षांची हवी आणि तिला थोडं जर्मन यायला हवं. ती कुटुंबात राहते, मुलं सांभाळते, हलकं घरकाम करते आणि भाषा शिकते. काम आठवड्याला 30 तासांपेक्षा जास्त नाही. तिला वेगळी खोली, आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्याला 280 युरो हातखर्च, आणि विम्याचा खर्च त्या कुटुंबानं करायचा. हे आकडे बदलू शकतात, म्हणून अर्जाच्या वेळी दूतावासाकडूनच खात्री करून घ्या, दलालाच्या तोंडी शब्दावर नको.

मुलगी निघण्याआधी पाच गोष्टी कागदावर घ्या. ती कोणत्या नात्यानं जाते आहे? काम असेल तर किती तास? खोलीला आतून कडी आहे का? शिकवणीचे पैसे कोण भरणार? पटलं नाही तर परत यायच्या तिकिटाचे पैसे कुठून? आणि पासपोर्ट कायम तिच्याच जवळ राहील, हे बजावून सांगा. अडचणीच्या वेळचा फोन नंबर पाठ करून घ्या. आपल्याकडे 112 आहे, आणि युरोपातल्या देशांतही 112 च आहे.

हे सगळं विचारणारी आई संशयी ठरत नाही. आनंदीबाईंना मावशी भेटली, तशी प्रत्येकीला भेटेलच असं नाही. पण अटी आधीच स्पष्ट असल्या, की मुलगी घाबरत राहत नाही आणि तिचं लक्ष शिकण्यात लागतं. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आणि ज्यांना वाटतं, आता आपलं काय वय राहिलं शिकायचं, त्यांना देवरुखच्या पार्वतीबाईंचं वय सांगा.