बिनतारी स्पर्धेंतील वेग व शिष्टाचार



तार-ऑफिसांतून येणारा ‘कट्ट-कड-कट्ट’ हा नाद आतां कोणाच्या कानीं पडत नाहीं. आपल्या देशांतील तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली, आणि मोर्सची कळ तर तिच्याहि आधींच टेलिप्रिंटरला जागा देऊन निघून गेली होती. तेव्हां मोर्सची लिपि मृत झाली असा सुशिक्षितांचाहि समज असल्यास नवल नाहीं. परंतु नोव्हेंबरांतील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं हौशी बिनतारीवाल्यांच्या लघुलहरींवर जो कान देईल, त्यास अगदीं निराळा अनुभव येईल. आषाढीच्या सुमारास पंढरपुरच्या वाळवंटांत अनेक दिंड्यांचा टाळ-गजर एकाच वेळीं कानीं यावा, तसे शेंकडों केंद्रांचे ठिपके आणि रेषा त्या दोन दिवसांत एकमेकांवर आदळत असतात. ही अमेरिकेंतील ‘सीक्यू’ मासिकानें १९४८ सालीं सुरू केलेली जागतिक स्पर्धा होय. ती ४८ तास चालते. आपल्या घड्याळाप्रमाणें शनिवारीं पहाटें साडेपांचला तिचा आरंभ, आणि सोमवारीं पहाटें साडेपांचला शेवट.

स्पर्धेचा नियम सांगावयास सोपा आहे. या स्पर्धेसाठीं जगाचे ४० विभाग कल्पिले असून भारताचा मुख्य भूभाग २२व्या विभागांत येतो. दोन केंद्रांनीं एकमेकांची कॉल-साइन, म्हणजे सरकारनें नेमून दिलेलें अक्षर-अंकांचें नांव, बिनचूक टिपावें, एकमेकांस ध्वनीचा दर्जा व आपल्या विभागाचा क्रमांक कळवावा, कीं एक संपर्क पुरा झाला. भारतांतील केंद्रास परखंडांतील संपर्काचे तीन गुण मिळतात, आपल्याच खंडांतील परदेशाचा एक. या गुणांच्या बेरजेस, किती विभाग व किती देश गांठले त्या संख्येनें गुणावयाचें असतें. अर्थात् जो थोड्या वेळांत अधिक संपर्क करील तो पुढें जाईल. आणि येथूनच वेगाचा मोह सुरू होतो.

वेग मोजावा कसा? छंदःशास्त्रांत लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन. मोर्समध्यें ठिपक्याची एक मात्रा, परंतु रेषेच्या मात्र तीन. म्हणजे ही रेषा गुरु नव्हे, वैय्याकरणांचा प्लुतच म्हटली पाहिजे. एका अक्षरांतील दोन चिन्हांमध्यें एक मात्रा, दोन अक्षरांमध्यें तीन आणि दोन शब्दांमध्यें सात मात्रा विराम असतो. निःशब्दालाहि अशा मोजून मात्रा दिलेल्या आहेत हें नवशिके नेहमीं विसरतात, आणि वेगाच्या नादांत प्रथम कात्री लागते ती या विरामांनाच. ‘पॅरिस’ हा शब्द इंग्रजी अक्षरांनीं पाठविल्यास, त्यामागील विरामासह, बरोबर ५० मात्रा होतात. म्हणून तो शब्द हें मोजमापाचें शेर-पायली ठरलें आहे. मिनिटास २० शब्द म्हणजे हजार मात्रा. त्या वेगानें एका ठिपक्यास सेकंदाच्या हजार भागांपैकीं ६० भाग मिळतात, आणि ३० शब्दांच्या वेगानें अवघे ४०. नवशिका मिनिटास १२ ते १५ शब्दांवर असतो. स्पर्धेंत मुरलेला मनुष्य ३० च्या आसपास सहज खेळतो.

काटकसर तर पराकोटीची! ध्वनीचा दर्जा सुबोधता, जोर व स्वर या तीन अंकांनीं कळविण्याची पद्धत १९३४ सालीं निघाली, आणि तींत ‘५९९’ म्हणजे सर्वोत्कृष्ट. नऊ या अंकाच्या १७ मात्रा होतात, म्हणून त्याच्या जागीं पांच मात्रांचें ‘एन’ हें अक्षर पाठवितात. अशा रीतीनें ४९ मात्रांचें काम २५ मात्रांत आटोपतें. तीस शब्दांच्या वेगानें ही बचत सेकंदाहून किंचित् कमीच. परंतु दोन हजार संपर्कांत ती अर्ध्या तासावर जाते. गंमत अशी कीं, स्पर्धेंत प्रत्येकजण प्रत्येकास ५९९ च देतो. उत्तरपत्रिकेवर पैकींच्या पैकीं गुण मांडावे आणि मग, “अक्षर लागत नाहीं, पुन्हां लिहून दाखव,” असें मुलास म्हणावें, तसा हा प्रकार आहे! ‘आपला ध्वनि उत्कृष्ट, पण कॉल-साइन पुन्हां सांगा’ हें वाक्य त्या ४८ तासांत असंख्य वेळां ऐकूं येतें, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगेंहि वाटत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मिनिटास ३४ शब्दांच्या वेगानें हांक घालणाऱ्या एखाद्या युरोपीय केंद्रास पुण्याच्या एका विद्यार्थ्यानें १६ शब्दांच्या वेगानें उत्तर दिलें, तर त्या केंद्रानें काय करावें? हौशी मंडळींचा जुना दंडक असा कीं, उत्तर देणाऱ्याच्या वेगाशीं आपला वेग जुळवावा. आपल्याकडे पंगतींत शेवटच्या माणसाचें जेवण होईपर्यंत कोणी पान सोडून उठत नाहीं, त्याच जातीचा हा नियम आहे. परंतु कांहीं कसलेले स्पर्धक त्यावर आक्षेप घेतात, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, “एकासाठीं वेग उतरविला तर मागें उभे असलेले तीसजण ताटकळतात, त्यांचा वेळ हा वेळ नव्हे काय?”

या आक्षेपास उत्तर भावनेनें देण्यापेक्षां गणितानें दिलेलें बरें. हांक घालणारा एका संपर्कांत समोरच्याची कॉल-साइन, दर्जा आणि विभाग मिळून सुमारें १३० मात्रा पाठवितो. तीस शब्दांच्या वेगानें त्यास पांच सेकंदांच्या वर थोडा वेळ लागतो, वीस शब्दांच्या वेगानें आठ सेकंदांच्या आंत. वेग उतरविण्याचा खर्च अडीच-पावणेतीन सेकंदांचा. उलटपक्षीं, घाईनें पाठविलेलें समोरच्यास न समजून त्यानें प्रश्नचिन्ह पाठविलें, तर सगळें पुन्हां सांगण्यांत पांच सेकंद आणि त्याच्या विचारण्यांत गेलेला वेळ निराळा. म्हणजे मागें उभ्या असलेल्या तीसजणांच्या हिताच्या दृष्टीनेंहि एकदां हळू सांगणें हें दोनदां भरभर सांगण्याहून स्वस्त पडतें. आणि घाईंत समोरच्याचीच कॉल-साइन चुकीची टिपली, तर पुढें दोन्हीकडील नोंदवह्या ताडून पाहतांना त्या संपर्काचे गुण जातात, वर दंडहि बसतो.

वेगाचा माज हा रोग बिनतारीहून जुना आहे. १८६८ सालीं तरुण टॉमस एडिसन बोस्टनच्या तार-ऑफिसांत कामावर रुजू झाला, तेव्हां त्याचा गबाळा वेष पाहून तेथील मंडळींनीं त्याची फजिती करण्याचा बेत केला, अशी हकीकत तो पुढें सांगत असे. न्यूयॉर्कच्या एका अतिशय जलद तारवाल्याशीं त्याची गांठ घालून दिली. तो तारवाला वेग वाढवीत गेला, अक्षरें एकमेकांत मिसळूं लागला. एडिसन शांतपणें लिहीत राहिला, आणि अखेर आपली कळ उघडून त्यानें त्यास सुचविलें कीं, आतां पाय बदलून दुसऱ्या पायानें पाठवा! एडिसन तरला, कारण त्याची तयारी दांडगी होती. अशा थट्टेंतून प्रत्येक नवशिका तरतोच असें नाहीं. तारवाल्यास निदान पगारासाठीं दुसऱ्या दिवशीं हजर व्हावें लागे. हौशी मनुष्यास तसें कांहींच बंधन नसतें. एकदां झिडकारला गेला, तर तो यंत्र बंद करील आणि पुन्हां कळेस हातहि लावणार नाहीं. २००३ च्या जिनिव्हा परिषदेनंतर हौशी परवान्यासाठीं मोर्सची परीक्षा घेणें देशोदेशींच्या सरकारांच्या मर्जीवर सोडण्यांत आलें, आणि अमेरिकेनें ती २००७ मध्यें रद्द केली. आतां मोर्सकडे जो येतो तो बहुधा आपखुषीनें येतो. अशा माणसास दारांतून परत लावणें हें लिपीच्याच मुळावर येणारें आहे.

हळू पाठविणें म्हणजे ठिपके-रेषा रबरासारख्या ताणणें नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. प्रत्येक अक्षराची एक चाल असते. कान ती चाल ओळखतो, ठिपके मोजीत बसत नाहीं. तबल्याचा बोल अति विलंबित केला तर तो बोलच राहत नाहीं. म्हणून जाणते लोक अक्षरें बऱ्यापैकीं चालींत ठेवून मधले विराम वाढवितात. शिकविण्याचीहि हीच एक मान्य पद्धत असून ती फार्न्सवर्थ या अमेरिकन हौशी गृहस्थाच्या नांवानें ओळखली जाते.

परंतु शिष्टाचार एकट्या मातब्बरानेंच पाळावा असें मानणें हा नवशिक्याचा फाजील लाड होईल. त्याचें पहिलें कर्तव्य ऐकण्याचें. हांक घालणाऱ्याची कॉल-साइन व विभाग हीं दोन-तीन वेळां ऐकून आधींच लिहून ठेवलीं, म्हणजे प्रत्यक्ष संपर्कांत स्वतःचें नांव बरोबर आलें किंवा नाहीं एवढेंच ओळखावयाचें उरतें. दुसरें, जो वेग आपणांस समजत नाहीं त्या वेगानें हांक घालूं नये. आजकाल संगणकाचें एक बटन दाबलें कीं ३५ शब्दांच्या वेगानें सुबक मोर्स बाहेर पडतो. परंतु त्याच वेगानें उत्तर आलें कीं बटन दाबणारा गोंधळून जातो. ज्याला घरीं बोलावलें त्याच्यासाठीं दार उघडतां येऊं नये, तशी ही गत. समजत नसेल तर ‘क्यू आर एस’, म्हणजे ‘सावकाश पाठवा’, असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. १९१२ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय बिनतारी परिषदेनें जे संकेत मान्य केले त्यांतच हा आहे. धंदेवाईक तारवाल्यांनाहि त्याची गरज भासतच होती.

तिसरें, वेळ पाहावी. शनिवारच्या पहिल्या प्रहरीं मोठ्या केंद्रांपुढें झुंबड असते, तेव्हां संथ हात मध्यें घालणें शहाणपणाचें नाहीं. रविवारीं चित्र पालटतें. ज्यांना ज्यांना गांठावयाचें त्यांना गांठून झालेलें असतें, आणि तींच मातब्बर केंद्रें मिनिटांमागून मिनिटें हांका घालीत रिकामीं बसतात. त्या वेळीं १५ शब्दांच्या वेगानें येणारा नवा पाहुणाहि त्यांना हवासा वाटतो, आणि त्यांचा वेग आपोआप उतरतो. शनिवारचा उद्धट यजमान रविवारीं इतका अदबशीर कसा होतो, हा मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकांनीं पाहण्यासारखा विषय आहे.

भारतांतील केंद्राची गोष्ट आणखी निराळी. २२व्या विभागांत भारताखेरीज श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगला देश व मालदीव यांसारखे मोजकेच देश येतात. त्यामुळें मुंबईच्या वा नागपुरच्या एखाद्या केंद्रानें ‘व्हीयू’ या अक्षरांनीं आरंभ होणारी आपली कॉल-साइन सांगून हांक घातली, कीं विभाग व देश या दोन्ही खात्यांसाठीं त्याच्याभोंवतीं परदेशीयांची गर्दी होते. कालचा नवशिका एका क्षणांत यजमान बनतो, आणि पंगत सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यानें गर्दीस भिऊन वेग वाढवूं नये; आपल्याला पेलेल तोच धरावा, म्हणजे समोरचे तो मुकाट्यानें स्वीकारतात. एखाद्याच्या कॉल-साइनचीं दोनच अक्षरें ऐकूं आलीं तर तीं व प्रश्नचिन्ह पाठवावें, आणि तोच मनुष्य पुरा होईपर्यंत दुसऱ्यास घेऊं नये. येथें आरडाओरड करणाऱ्यास आधीं घेतलें, तर पुढील तासभर सगळेच ओरडूं लागतात. ज्यांच्या नांवांत तीं अक्षरें नाहींत त्यांनीं गप्प राहावें हा नियम सर्वांना ठाऊक असतो, आणि स्पर्धेंत सर्वांत अधिक मोडला जातो तोहि हाच. तसेंच दर एक-दोन संपर्कांनंतर आपली कॉल-साइन स्पष्ट सांगावी. पांच-पांच मिनिटें नांव न सांगतां गर्दी हांकणारीं कांहीं केंद्रें असतात. तीं आपले चार सेकंद वांचवितात आणि ऐकणाऱ्या पन्नासजणांचे मिनिटांचे हिशेब बिघडवितात.

रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर बसण्यापूर्वीं ‘क्यू आर एल?’ म्हणजे ‘येथें कोणी आहे काय?’ असें विचारणें, आणि १९७९ च्या परिषदेनें हौशी लोकांना दिलेले ३०, १७ व १२ मीटरचे पट्टे स्पर्धेंत न पडणाऱ्यांसाठीं मोकळे ठेवणें, हे दोन संकेतहि सर्वमान्य आहेत. पहिला घाईंत पुष्कळदां विसरला जातो; दुसरा मात्र बव्हंशीं कसोशीनें पाळला जातो.

ज्यांना नोव्हेंबरच्या त्या रणधुमाळीचें भय वाटतें त्यांच्यासाठीं आतां संथ स्पर्धाहि निघाल्या आहेत. ‘के-वन-यू-एस-एन’ या अमेरिकन मंडळाची एक स्पर्धा दर आठवड्यास दोनदां तासा-तासासाठीं भरते, आणि तींत मिनिटास २० शब्दांहून अधिक वेग चालत नाहीं. तेथें ठराविक ५९९ ची देवघेव नसते. आपलें नांव आणि प्रांत किंवा देश कळवावयाचा असतो.