पेनड्राइव्ह ही पिशवी आहे, तिजोरी नाही
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त कमिटीने जुने फोटो, सभांची इतिवृत्तं, ऑडिट रिपोर्ट, मंजूर नकाशे असं सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घेतलं. काम उत्तम झालं, अभिनंदन! पण "पेनड्राइव्हवर आहे ना, मग झालं" असं कुणी म्हणालं की माझ्यातला बँकवाला जागा होतो. म्हणून हे चार शब्द.

पेनड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नसते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि त्या भारावरूनच कॉम्प्युटर मजकूर वाचतो. हा भार हळूहळू झिरपतो. ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला, त्यात उष्णता असली, तर एक दिवस फाइल उघडत नाही. शिवाय प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये एकेका कप्प्यात जास्त माहिती कोंबलेली असते, त्यामुळे तो लवकर दमतो. आणि बिघडण्याआधी बहुतेक वेळा काही सूचनाही देत नाही.

दुसरी अडचण अनेकांनी अनुभवली असेल. 32 जीबीचा ड्राइव्ह रिकामा असतो, पण लग्नाचा 5 जीबीचा व्हिडिओ काही केल्या जात नाही. ड्राइव्ह खराब नसतो. तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलं की काम होतं. मात्र फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून आधी कॉपी दुसरीकडे काढायची. तसंच फाइल लिहिली जात असताना ड्राइव्ह ओढून काढला, तर ती अर्धवट राहते. आधी 'इजेक्ट' करा, मग काढा.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. सोसायटीच्या ड्राइव्हवर सभासदांच्या आधार आणि पॅनच्या प्रती असतात. तोच ड्राइव्ह प्रिंटसाठी झेरॉक्सच्या दुकानात लावला, तर तिथला व्हायरस घरी येऊ शकतो. रिक्षात विसरला, तर ज्याला सापडेल तो सगळं वाचू शकतो, कारण साध्या ड्राइव्हला कुलूपच नसतं.

बँकेत तिजोरीच्या डुप्लिकेट चाव्या त्याच शाखेत ठेवत नाहीत, दुसरीकडे ठेवतात. का? एका जागी आग लागली, पाणी शिरलं, तरी काम अडू नये म्हणून. कॉम्प्युटरवाले हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे. नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स डीड, 'आय' आणि 'जे' नमुन्यातली रजिस्टरं यांचे मूळ कागद जपाच, स्कॅन झालं म्हणून ते रद्दीत घालू नका. स्कॅनची एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी आणि तिसरी क्लाउडवर ठेवा. क्लाउडचं खातं सोसायटीच्या नावाने असू द्या, कुणाच्या खाजगी ई-मेलवर नको. नवीन कमिटी आली की चावीबरोबर पासवर्डचाही चार्ज द्या. आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेआधी प्रत्येक प्रत उघडून पाहा. बँकेत लेजर टॅली झाल्याशिवाय आम्ही हिशेब बरोबर धरत नव्हतो, तसंच हे.

पेनड्राइव्ह वाईट नाही. इथून तिथे फाइल न्यायला त्याच्यासारखी सोय नाही. पण बाजाराच्या पिशवीत आपण दागिने ठेवत नाही. उद्या रीडेव्हलपमेंटचा विषय निघेल, तेव्हा हीच कागदपत्रं मागितली जातील. आणि आज स्टेजवर नाचलेली ही मुलं सुवर्णमहोत्सवाला आपले आजचे फोटो शोधतील. ते त्यांना सापडावेत, एवढीच इच्छा.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!