पिंजऱ्यातील जीव आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



विवाहासाठी निघालेल्या भगवान नेमिनाथांच्या कानी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश पडला आणि रथ मागे फिरला, ही कथा जैन घरातील प्रत्येक बालकास ठाऊक असते. ज्या गिरनारवर प्रभूंचे निर्वाण झाले, त्याच्या पायथ्याशी जुनागढला १८६३ पासून सक्करबाग प्राणिसंग्रहालय आहे. यात्रेहून उतरलेला भाविक तेथे गजाआडचा सिंह पाहतो आणि मनात विचार येतो, त्या कोंडलेल्या पशूंहून हा सिंह वेगळा कसा?

प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकू नये.

मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ मध्ये दंगा उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. एक पारशी, दुसरे जैन. ज्या भायखळ्यात शेठ मोतीशांचे आदीश्वर मंदिर आहे, तेथेच १८६२ मध्ये राणीची बाग सुरू झाली. पांजरापोळ आलेल्या प्रत्येक जीवास अखेरपर्यंत सांभाळते. राणीच्या बागेसारखी ठिकाणे मात्र दीर्घकाळ केवळ करमणुकीची होती, हे मान्य केले पाहिजे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९२ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण यांमुळे जागा, पशुवैद्य, नोंदवह्या, आठवड्यातून एक दिवस विश्रांती असे नियम आले. अजिंठ्याचा घाट चढून जामनेरची मुले सहलीला जातात, त्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानालाही निकषांच्या प्रश्नावरून २०१८ मध्ये मान्यता गमवावी लागली होती. संग्रहालय पुढे चालू राहिले. तेथूनच फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत गेली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला बछडा झाला.

असा बछडा जंगलात परत जात नाही, हेही खरे. परंतु गिधाडांची गोष्ट निराळी. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही जातींची संख्या शेकडा नव्वदहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे पिंजऱ्यात वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या विदर्भातील पेंचच्या रानात आणली गेली. गोशाळेत दुखण्याने विव्हळणाऱ्या गाईस करुणेने टोचलेली सुई दुसऱ्या जीवाचा घात करू शकते, याची कल्पना तेव्हा कोणास होती? आज आहे. म्हणून गोशाळेच्या औषधांच्या कपाटात काय आहे, हे विश्वस्तांनी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

खाऊ घालण्याचेही तसेच आहे. हरणापुढे बिस्किटे, फुटाणे टाकणारा हात दयेचाच असतो. पण रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात एकदम पीठ-साखर गेली की आम्ल वाढते. प्रसंगी तो दगावतो. सोबत गेलेली प्लास्टिकची पिशवी तर आतच साठून राहते. पंगतीनंतर उरलेला भात आणि लापशी गाईंपुढे ओतणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. पुण्याच्या भावनेने गाय मारली जाते, याहून दुर्दैव कोणते! घरात वा दुकानात पिंजऱ्यात पोपट, शुभ म्हणून पाळलेले तारा-कासव, हे तर कायद्यानेच निषिद्ध आहे. कासव हे मुनिसुव्रत भगवंतांचे लांछन. ते काचेच्या पेटीत शोभत नाही.

उरतो तो अवघड मुद्दा. वाघाला मांस लागते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. तेथे वाघाचे पालकत्व घेताना जैन दात्याचे मन कचरते, आणि ते कचरणे खोटे नव्हे. तथापि चितळ आणि नीलगाय यांना वैरण लागते. खानदेश-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याचे हौद, फवारे, सावलीची छपरे लागतात. जखमी जनावरास औषध लागते. ट्रस्टच्या जीवदया खात्यातून यांपैकी काय देता येईल, याचा विचार येत्या पर्युषणापूर्वीच्या सभेत व्हावा. मांसाचा खर्च त्यात येत नाही, आणि त्या मुक्या जीवांचा चैत्र-वैशाख काहीसा सुसह्य होतो.